बोंडअळीच्या वर्षातली लेक

2018 च्या एप्रिलमधली गोष्ट आहे. गावच्या अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस होता आणि सकाळचे दहा वाजायच्या आतच टिनाच्या छपराखाली उकडू लागले होते. भिंतीवर रंगवलेल्या फळांच्या चित्रांखाली नर्सबाईंनी निळी लसपेटी उघडून ठेवली होती. बर्फाच्या थैल्यांना सुटलेले पाणी फरशीवरून उंबऱ्याकडे चालले होते, आणि प्रत्येक बाळ झाले की वापरलेली सुई कापण्याच्या यंत्राचा बारीक आवाज येत होता. दीड महिन्याच्या लसीला आलेली इतर बाळे मांडीत सुई गेल्यावर किंचाळली, आईच्या पदराखाली गेली आणि थोड्या वेळात निवली. माझ्या चुलतभावाची नात मात्र निवेना. आधी तिचा आवाजच फुटला नाही. तोंड उघडे, चेहरा जांभळा, मुठी आवळलेल्या. मग जे रडे सुरू झाले, ते समोरच्या निंबाखाली कितीही फेऱ्या मारल्या तरी थांबेना. तिची आई, म्हणजे आमची सून, घामाने भिजून गेली होती. तेवढ्यात वहिनी, तिच्या सासूबाई, शेजारणीला म्हणाल्या, "पोटात होती तवा हिनं लय टेन्शन घेतलं ना, म्हून पोट्टी अशी झाली."

त्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसे त्यांनी सांगितले. सुनेने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतले आणि ती निंबापलीकडे गेली. रजिस्टर भरता भरता नर्सबाईंनी मान डोलावली. वहिनींच्या वाक्यापेक्षा ते मान डोलावणे मला जास्त लागले, कारण गावात नर्सबाईंची मान हलली की गोष्टीवर शास्त्राचा शिक्का बसतो.

आणि अडचण अशी की ती गोष्ट शास्त्रात काही अंशी बसतेही.

वहिनी ज्या काळाबद्दल बोलत होत्या, तो यवतमाळ जिल्ह्यातल्या कुणालाही वेगळा सांगावा लागत नाही. 2017 च्या हंगामात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या उंचीला गेली होती आणि फवारणाऱ्याच्या तोंडावरच औषध उडत होते. विषबाधेने माणसे दगावल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा सूनबाईला चौथा-पाचवा महिना असेल. नवरा वावरातून आला की ती आधी त्याचे डोळे पाहत असे. त्याचे कपडे ती वेगळ्या बादलीत भिजवी आणि त्या वासाने तिला ओकारी येई. ती दिवस गेल्याची की औषधाची, हे तिलाही कळत नसे. दिवाळी झाली आणि बोंडअळी दिसू लागली. ओटी भरून झाल्यावरही ती ओसरीवर बसून बोंडे फोडत होती. वरून हिरवेगार बोंड, आत पिवळा पडलेला, गाठी झालेला कापूस आणि त्यात वळवळणारी गुलाबी अळी. मी गेले होते तेव्हा तिने एक बोंड माझ्या हातावर फोडून दाखवले, बोलली काही नाही. रात्री घरात बोलणे चाले ते सोसायटीच्या कर्जाचे, कर्जमाफीच्या ऑनलाइन अर्जाचे, खाजगीत उचललेल्या पैशांचे. आणि तेही हळू आवाजात, तिच्या कानावर पडू नये म्हणून. तिला सगळे ऐकू येत होते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवायची रीत आमच्याकडेही आहे, पण वेचणीला माणूस मिळेना आणि मजुरी परवडेल इतका कापूस निघेना, म्हणून तिचे जाणे आठव्या महिन्यापर्यंत लांबले. सव्वा महिना होताच तिला परतही आणले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. ताण आला की हायपोथॅलॅमसकडून पिट्यूटरीला, पिट्यूटरीकडून अधिवृक्क ग्रंथीला निरोप जातो आणि कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक रक्तात उतरते, हे मी फळ्यावर बाण काढून दर वर्षी सांगते. त्यामुळे वहिनींचे वाक्य अडाणीपणाचे म्हणून झटकून टाकता येईना. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एलिशिया डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 116 माता आणि त्यांची बाळे यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. गरोदरपणाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर त्यांनी आईचे कॉर्टिसॉल मोजले, तिच्या मनावरचा ताण विचारून नोंदवला, आणि जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी तपासणीसाठी बाळाच्या टाचेला सुई टोचतात तेव्हा बाळ कसे वागते ते पाहिले. गरोदरपणाच्या मधल्या टप्प्याच्या अखेरीपासून पुढे ज्या मातांचे कॉर्टिसॉल जास्त होते, त्यांच्या बाळांचे कॉर्टिसॉल टोचल्यावर जास्त उसळले. आणि ज्या मातांनी ताण अधिक सोसला होता, त्यांच्या बाळांना रडून शांत व्हायला अधिक वेळ लागला. सुई, टाच, रडणे आणि निवणे. निंबाखालचा प्रसंग प्रयोगशाळेच्या भाषेत लिहिला असता तर असाच काहीसा दिसला असता.

हे घडते कसे, याचे उत्तर पुष्कळसे वारेत (प्लॅसेंटात) आहे. आईच्या रक्तातले कॉर्टिसॉल बाळाच्या मानाने कितीतरी जास्त असते, आणि वारेतले एक विकर (एन्झाइम) त्याचा मोठा भाग निष्क्रिय करून मगच रक्त पुढे जाऊ देते. रानडुकरांपासून पीक वाचवायला जागलीवर बसलेल्या माणसासारखे त्याचे काम आहे: बहुतेक परतवायचे, थोडे निसटतातच, आणि राखणदार थकला की जास्त निसटतात. आईची चिंता वाढलेली असते तेव्हा वारेतले हे विकर कमी काम करते, असे व्हिव्हेट ग्लोव्हर यांच्या लंडनमधल्या गटाला आढळले. म्हणजे ज्या दिवसांत राखण जास्त हवी, नेमकी त्याच दिवसांत ती ढिली पडते. पण म्हणून कॉर्टिसॉल हे विष नव्हे. गरोदरपणात ते आपोआपच वाढते, शेवटी शेवटी एरवीच्या दोन-तीन पट होते, आणि बाळाची फुप्फुसे पिकायला ते लागतेच. मुदतीआधी कळा सुरू झालेल्या बाईला दवाखान्यात जे डेक्सामेथासोनचे इंजेक्शन देतात, ते याच जातीचे. प्रश्न फक्त किती, कधी आणि किती दिवस, एवढाच.

वेदनेची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. दुखल्याचा निरोप मज्जारज्जूतून वर जातो तसा मेंदूच्या खोडातून एक निरोप खालीही येतो, आणि तो दुखणे दाबतो. या खाली येणाऱ्या वाटेवर सेरोटोनिन या निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाचे मोठे काम असते. ताणाला आवर घालणाऱ्या यंत्रणेशी या वाटेची सांगड आहे आणि बाळात दोन्ही घडतात साधारण एकाच सुमारास. सेंट पीटर्सबर्गच्या पावलोव्ह संस्थेत इरिना बुटकेविच यांनी उंदरांवर यासंबंधी अनेक वर्षे काम केले. गाभण मादीला शेवटच्या आठवड्यात रोज थोडा वेळ हलता येणार नाही अशा जागेत कोंडायचे, आणि पुढे तिच्या पिलांच्या पंजात फॉर्मॅलिनचा थेंब टोचून ती काय करतात ते मोजायचे. फॉर्मॅलिनने आधी थोडा वेळ चटका बसतो, मग मध्ये शांत जाते, आणि नंतर सुजेचे लांबलेले दुखणे सुरू होते. कोंडलेल्या मादीच्या पिलांमध्ये विशेषतः हे दुसरे दुखणे वाढलेले दिसले, आणि नर-मादीत, वयावयांत फरक दिसले. हे वाचताना मला त्या माद्यांची आठवण पुन्हा पुन्हा येत राहिली. त्यांनी टेन्शन घेतलेले नव्हते, त्यांना कोंडले होते.

बाळाला दुखते, हे मान्य व्हायलाच मुळी किती उशीर झाला. पोट फुगले म्हणून तान्ह्या जिवाला तापल्या लोखंडाने डागण्याची रीत मेळघाटात अजून अधूनमधून बातमीत येते आणि शहरातली माणसे हळहळतात. परंतु 1980 च्या दशकापर्यंत मोठमोठ्या देशांतल्या मोठमोठ्या रुग्णालयांतही नवजात बाळांवर अगदी थोड्या भुलेवर, कधी केवळ स्नायू ढिले करणाऱ्या औषधावर, शस्त्रक्रिया होत असत. त्यांना कळत नाही, कळले तरी आठवत नाही, अशी समजूत होती. इंदूरला शिकून पुढे ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत आनंद यांनी 1987 मध्ये दाखवून दिले की पुरेशी वेदनाशामके न देता चिरलेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरके उसळतात आणि फेंटॅनिल हे वेदनाशामक दिले की ती उसळी आटोक्यात राहते. बारशाला कान टोचताना आमच्याकडे "लहान लेकराले काय समजते" असे म्हणणारी आजी आणि त्या काळचे शल्यविशारद यांच्यात, या एका बाबतीत तरी, फारसे अंतर नव्हते.

तर मग वहिनी बरोबरच म्हणाल्या?

इथे मला थांबावेसे वाटते. एक तर हे सगळे सरासरीचे बोलणे आहे. शंभर बाळांच्या दोन गटांत फरक दिसतो, म्हणून निंबाखालचे एक बाळ कशाने रडते हे सांगता येत नाही. ते भुकेने रडत असेल, उकाड्याने रडत असेल, त्या दिवशी त्याची झोप झाली नसेल. शिवाय चिंताग्रस्त आईकडून बाळाला तिची जनुकेही मिळतात, आणि बाळंत झाल्यावर तिची चिंता संपतेच असे नाही, त्यामुळे पोटातल्या दिवसांचा वाटा वेगळा काढणे फार अवघड. निष्कर्षांची दिशाही एकच नाही. न्यूयॉर्कवरच्या 2001 च्या हल्ल्यातून वाचलेल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास रेचल येहुदा यांनी केला, तेव्हा ज्यांच्या मनावर त्या दिवसाचा घाव राहिला त्यांच्या वर्षभराच्या बाळांत कॉर्टिसॉल वाढलेले नव्हे, तर कमी आढळले. ताणाने यंत्रणा नेहमी भडकतेच असे नाही, कधी ती मंदही होते.

पण वहिनींच्या वाक्याला खरे उत्तर मला मिळाले ते कॅनडातून. जानेवारी 1998 मध्ये क्वेबेक प्रांतात गोठणारा पाऊस पडून विजेचे मनोरे कोसळले आणि लाखो घरे ऐन थंडीत अंधारात गेली, काही घरे महिन्याहून अधिक काळ. सुझान किंग यांनी त्या वेळी गरोदर असलेल्या स्त्रिया शोधल्या आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला. संकट कुणाच्या स्वभावाकडे पाहून आलेले नव्हते, म्हणून हा अभ्यास मोलाचा ठरला. त्यांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या: प्रत्यक्षात काय ओढवले, म्हणजे किती दिवस वीज नव्हती, घर सोडावे लागले का, नुकसान किती झाले, आणि त्याने ती बाई मनातून किती हादरली. ती मुले तेराच्या सुमारास असताना त्यांच्या रक्तपेशी तपासल्या, तेव्हा डीएनएवर बसलेल्या रासायनिक खुणांचा संबंध पहिल्या गोष्टीशी, ओढवलेल्या हालांशी, दिसला. आई किती हादरली होती याच्याशी तसा संबंध दिसला नाही. इतर काही बाबतींत आईच्या हादरण्याचाही वाटा निघाला, हे खरे. तरी मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बाईने धीर धरला की सोडला यापेक्षा घरात वीज किती दिवस नव्हती हे त्या पेशींमध्ये उतरले होते. आमच्या सुनेच्या बाबतीत हेच मोजायचे म्हटले तर मोजावे लागेल ते फवारणीचे औषध, बोंडातली अळी, व्याजाचा दर आणि लांबलेले माहेर. यातले तिने घरात काय आणले होते?

आईला बोल लावायची सवय मात्र आपल्या हाडात आहे. ग्रहणात भाजी चिरली म्हणून ओठ फाटला, अमक्याचे तोंड पाहिले म्हणून रंग काळा आला; आणि चक्रव्यूहाची गोष्ट सांगताना आपण हमखास सांगतो की सुभद्रेला झोप लागली. दिवसभर राबलेल्या बाईला झोप लागणार नाही तर काय होईल, असे त्या गोष्टीत कुणी विचारत नाही. आता त्यात मोबाइलवरच्या गर्भसंस्काराच्या चित्रफितींची भर पडली आहे. आनंदी राहा, चांगले विचार करा, टेन्शन घेऊ नका. आशाताईही तेच सांगतात, आणि त्यांना तरी दोष कसा द्यावा. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी तान्ह्या बाळांची काळजी घेतली, बालमृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले, आणि पुढे तोच धडा देशभरच्या आशाताईंपर्यंत पोहोचला. त्यांच्या येण्याने किती लेकरे जगली आहेत हे आम्ही गावोगाव पाहतो. पण आशाताईंच्या वहीत वजनाला रकाना आहे, हिमोग्लोबिनला आहे, रक्तदाबाला आहे. घरावर कर्ज किती, आणि रात्री हळू आवाजात काय बोलणे चालते, याला रकाना नाही.

जुन्या रीतींनी हे ओळखले होते असे म्हणायचा मोह मलाही होतो. डोहाळे पुरवायचे, ओटी भरायची, पहिलटकरणीला माहेरी धाडायचे, म्हणजे शेवटचे महिने तरी तिच्या अंगावरचे ओझे उतरवायचे. पण त्याच रीतींनी तिला, बाळ मोठे होऊन अडेल, म्हणून अर्धपोटी ठेवलेले आहे आणि बाळंतिणीला अंधाऱ्या खोलीत धुरीच्या धुरात कोंडलेलेही आहे. शिवाय रीत मोडायला एक वाईट हंगाम पुरतो, हे 2017 ने दाखवलेच.

यात दिलासा देणारा भागही आहे आणि गंमत म्हणजे तो वहिनींच्याच हातात होता. पोटात असताना ताण सोसलेली उंदराची पिले जन्मताच दुसऱ्या मादीकडे दत्तक दिली, तर मोठेपणी त्यांची ताणाची यंत्रणा पुष्कळ अंशी ताळ्यावर येते, हे स्टेफानिया माक्कारी आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवले. दत्तक आया पिलांना जास्त चाटतात, सांभाळतात. माणसांमध्ये याच्या जवळ जाणारा एक अभ्यास इंग्लंडमधल्या विरल भागातला आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मातांना एक साधा प्रश्न विचारला होता: पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या पाठीवरून, डोक्यावरून, पोटावरून, हातापायांवरून तुम्ही किती वेळा हात फिरवता? गरोदरपणी खिन्न असलेल्या मातांपैकी ज्यांनी बाळाला फार कुरवाळले नव्हते, त्यांच्या बाळांमध्ये त्या खिन्नतेचा परिणाम दिसला. ज्यांनी भरपूर कुरवाळले होते, त्यांच्या बाळांमध्ये तो दिसला नाही. प्रश्न मातांना विचारला होता, आजींना नव्हे. पण आमच्या घरी रोज सकाळी चुलीवर पाणी तापवून, पाय लांब करून, त्या पायांवर नातीला पालथी घालून तिच्या पाठीला कोमट जवसाचे तेल चोळणाऱ्या वहिनी होत्या. पोर आंघोळीत ओरडे आणि तेल लावताना मात्र डोळे मिटून पडून राही. तिची आई तेव्हा वखराच्या माणसांच्या भाकरी थापत असे. ज्या तोंडून ते वाक्य आले, त्याच बाईचे हात असे चालत होते, आणि या दोन गोष्टी मला अजूनही एकत्र बसवता येत नाहीत.

पुढच्या लसीच्या वेळी मी मुद्दाम थांबले होते. लस टोचताना बाळाला आईने धरावे, जमल्यास अंगावर पाजत असतानाच टोचावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्येच सुचवले आहे. नर्सबाईंना मी तसे विचारले. त्या काही बोलल्या नाहीत, पण अंगणवाडीतल्या बाकावरची चादर काढून त्यांनी दोन खुर्च्यांवर आडोसा म्हणून टाकली. पोर रडली. किती रडली याची तुलना मी केली नाही. एका पोरीच्या रडण्यावरून काही सिद्ध करायचा हक्क वहिनींना नसेल, तर तो मलाही नाही. आता ती शाळेत जाते, चिंचेवर चढते, पायात काटा मोडला तर दात ओठात रुतवून स्वतःच काढते, आणि दिवाळीत फटाका वाजला की पांढरीफटक पडते. यातले काय पोटातले, काय बापाकडचे आणि काय तिचे स्वतःचे, हे सांगणारी सुई अजून निघालेली नाही.

मागच्या पावसाळ्यात सूनबाईला पुन्हा दिवस गेले. बँकेची नोटीस आली होती आणि ती तिच्या नजरेला पडू नये म्हणून घरातल्या पुरुषांनी ती कोठीत लपवली होती. तिला टेन्शन नको, असा त्यामागे चांगलाच हेतू होता. मी गेले त्या रात्री जेवणे झाल्यावर तिने सगळ्यांसमोर विषय काढला. "आत्याबाई, तुमीच सांगा यांइले. मले सांगत नाई म्हून काय मले समजत नाई? अर्धं ऐकू येते, अन् अर्धं मनानं भरा लागते. मनानं भरलेलं जास्त असते. किती हाये ते दाखवा एकदाचं, झोप तरी लागन." मग तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या: सहाव्या महिन्यानंतर ती वेचणीला जाणार नाही, आणि नवरा तोंडाला मास्क बांधल्याशिवाय फवारणीला जाणार नाही. चुलतभाऊ बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग उठून त्याने कोठीतून पिशवी आणली आणि सोसायटीचा, बँकेचा, खाजगीतला, असे सगळे कागद सुनेपुढे मांडले. वहिनींनी नातीला चष्मा आणायला पाठवले. त्या घरात सून म्हणून आल्यापासून ते आकडे त्यांनीही कधी पाहिलेले नव्हते.